त्रेपन्न वजा सत्तावीस

फळ्याला आदल्या दिवशी रंग दिला होता आणि तो अजून चिकट होता. त्यामुळे त्या सकाळी मी गणितं फळ्यावर लिहिली नाहीत, तोंडी सांगितली. एरवीचा शिरस्ता असा, की परिपाठ संपला की दहा मिनिटं गणिताचा सराव. फळ्यावर दहा उदाहरणं, मुलं ती वहीत उतरवून सोडवणार आणि तेवढ्या वेळात मी चौथीची हजेरी आणि पोषण आहाराची नोंद उरकणार. आमची शाळा द्विशिक्षकी, सांगली जिल्ह्यात जतच्या बाजूला. कर्नाटकची हद्द इथून सायकलवर गाठता येते. तिसरी-चौथी एका खोलीत, माझ्याकडे. तिसरीत अकरा मुलं.

"त्रेपन्न वजा सत्तावीस," मी म्हटलं. "पाटीवर मांडा आणि सोडवा."

थोड्या वेळाने पाट्या वर करायला सांगितल्या. चार पाट्यांवर २६. पाच पाट्यांवर ३४. एका पाटीवर १६. आणि एका पाटीवर ८.

सप्टेंबर चालू होता. जूनपासून रोज दहा गणितं घेऊनही अकरातल्या सातांना हे येत नव्हतं, याचं वाईट वाटलं, पण धक्का बसला तो त्या ८ चा. ती पाटी ज्याची होती, त्याच्या वहीत तीन महिने रोज दहापैकी दहा होते.

मधल्या सुट्टीत मुलं खिचडीला बसली तेव्हा मी वह्यांचा गठ्ठा घेऊन बसले. या वह्या मी रोज तपासत होते, म्हणजे बरोबरच्या खुणा करत होते आणि खाली दहापैकी किती ते लिहीत होते. त्या दिवशी पहिल्यांदा फक्त चुकलेली उदाहरणं वाचत गेले. ३४ वाल्या पाचही जणांच्या वह्या जवळपास सारख्या निघाल्या. ५२ वजा ३८, उत्तर २६. ७१ वजा ४५, उत्तर ३४. ८३ वजा ५६, उत्तर ३३. प्रत्येक ठिकाणी वर-खाली न बघता मोठ्या अंकातून लहान अंक काढलेला. मी देत असलेल्या दहा उदाहरणांतली साधारण सहा बिनउसन्याची असायची, ती या रीतीनेही बरोबर येतात. म्हणून रोज दहापैकी सहा. दहापैकी सहा म्हटलं की वाटतं, बरं चाललंय, अजून थोडा सराव हवा. प्रत्यक्षात ही मुलं रोज चार वेळा चुकीची रीत गिरवत होती, आणि तिच्यावर आता त्यांचा हात चांगला बसला होता.

१६ वालीलाही रोज सहाच मिळत होते. पण तिच्या चुका वेगळ्या होत्या. ५२ वजा ३८, उत्तर ४. ७१ वजा ४५, उत्तर १६. ८३ वजा ५६, उत्तर १७. एकेक करून खरी उत्तरं शेजारी लिहिली तेव्हा दिसलं, की तिचं प्रत्येक उत्तर बरोबर दहाने कमी आहे. एकही अपवाद नाही. आणि या दोन्ही तऱ्हांच्या वह्यांखाली माझ्याच हाताने लिहिलेला शेरा एकच होता: 'सराव कर.'

हा दहा मिनिटांचा उपक्रम सुरू कसा झाला तेही सांगायला हवं. ५ जुलै २०२१ ला निपुण भारत अभियान सुरू झालं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावं आणि पायाभूत गणित यावं, आणि हे २०२६-२७ पर्यंत साधावं, असं त्याचं उद्दिष्ट. त्यानंतर आमच्याकडे शिक्षण परिषदांमध्ये रोजच्या सरावाचा विषय सतत निघायचा. मी दहा मिनिटांत दहा गणितं ठरवली, कारण ते कानाला बरं लागत होतं. यापलीकडे त्यामागे काही शास्त्र नव्हतं. वजाबाकीही मुद्दाम निवडलेली. 'असर' या देशभरच्या शैक्षणिक सर्वेक्षणात घरी जाऊन मुलांना जी वजाबाकी देतात, ती याच जातीची असते: दोन अंकी, दशक सुटा करावा लागणारी.

आता त्या आठची गोष्ट.

या मुलाच्या घरी कानडी बोलतात. आमच्याकडे ही नवलाई नाही, अर्ध्या वाडीचं तेच आहे. मराठी तो खेळात छान बोलतो. त्याची पाटी पुन्हा बघितली तर त्याने ३५ वजा २७ मांडलं होतं आणि ते अगदी बिनचूक सोडवलं होतं. दशक सुटा केलेला, काट मारलेली, उत्तर ८. त्याला वजाबाकी उत्तम येत होती. त्रेपन्न येत नव्हतं. फळ्यावरून उतरवायचं असलं की संख्या कानावर पडतच नाही, म्हणून तीन महिने हे झाकून राहिलं.

मी त्याला जवळ बसवलं. "त्रेपन्न लिही." त्याने ३५ लिहिलं. "आता पस्तीस लिही." त्याने खाली पुन्हा ३५ लिहिलं आणि दोन्हींकडे बघत राहिला. मागून त्याचा सोबती म्हणाला, "मॅडम, कानडीत सांगू का त्याला?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता म्हणाला, "ऐवत्तमूरु." पेन्सिल लगेच चालली. ५३.

ऐवत्त म्हणजे पन्नास, मूरु म्हणजे तीन. कानडी संख्येचं नाव जसं ऐकू येतं तसंच डावीकडून उजवीकडे लिहिलं जातं. मराठीत आपण आधी तीन म्हणतो, मग पन्नास, आणि लिहितो मात्र आधी पाच. पोर 'त्रे' ऐकतं, तीन लिहितं, 'पन्न' ऐकतं, पाच लिहितं. त्यात त्याची चूक अशी काय? सत्तावीस त्याने बरोबर लिहिलं, कारण विशीतल्या संख्या रोजच्या कानावरच्या. पन्नाशीतल्या मुलांच्या जगात फारशा येत नाहीत.

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या नव्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची रीत आली होती, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते अनेकांना आठवत असेल. गणित विषय समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. पुढे २०२३ मध्ये त्या गेल्या. जुनी नावं रद्द केलेली नव्हती, मुलांना दोन्ही सांगायची होती. पण थट्टाच फार झाली, आणि त्या थट्टेत मीही होते. शिक्षकांच्या खोलीत आम्ही एकमेकांचे पगार 'पन्नास तीन हजार' असे वाचून हसलो होतो. पन्नास तीन ही रीत कुणासाठी आहे, हे मला ऐवत्तमूरु ऐकल्यावर कळलं. मराठी घरातल्या मुलांनाही हा घोळ असतो, फक्त त्यांना ही नावं रोज ऐकून ऐकून तोंडपाठ होतात आणि आपल्याला वाटतं की ती समजली.

एकोण हे तर वेगळंच प्रकरण. एकोणसाठ म्हटलं की साठ ऐकू येतं आणि मुलं ६९ लिहून मोकळी. एकोण म्हणजे एक उणा, साठात एक उणा. संख्येच्या नावातच वजाबाकी दडलेली आहे! हे मुलांना सांगितलं तेव्हा त्यांना गंमत वाटली आणि लगेच एकाने विचारलं, "मग एकोणशंभर का नाही?" खरंच, ९९ ला आपण नव्व्याण्णव म्हणतो, तिथे एकोण सुटतं. का, ते मला सांगता आलं नाही.

३४ वाल्यांशी बोलले तेव्हा त्यांच्यातल्या एकाने जे सांगितलं त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. "तीनातनं सात जात न्हाईत मॅडम. सातातनं तीन जात्यात." त्याला पहिलीपासून आम्हीच सांगितलेलं, की मोठ्यातून लहान वजा करायचा. त्याने ते पाळलं.

त्यांच्यासाठी कागद बाजूला ठेवला आणि खेळातल्या नोटा काढल्या. पाच दहाच्या नोटा आणि तीन सुटे रुपये, म्हणजे ५३. समोर दुसरा दुकानदार. "सत्तावीसचा माल झाला. आधी सात सुटे दे."

"तीनच हायत."

"मग?"

"मग नोट मोडतो की."

दशक सुटा करणे हे शब्द मी त्यांना महिनाभर सांगत होते. नोट मोडणे त्यांना घरून येत होतं. दुकानात जाऊन दहाची मोड आणायचं काम यांचंच असतं. एक नोट गेली, दहा सुटे आले, तेरा झाले, सात दिले, सहा उरले. चार नोटांतल्या दोन दिल्या. २६. पाचही जणांनी पहिल्या दिवशी केलं.

आणि दुसऱ्या दिवशी कागदावर पुन्हा ३४.

हे सांगितल्याशिवाय हे प्रकरण खरं होणार नाही. साहित्य वापरलं की मुलं शिकतात, असं आम्ही प्रशिक्षणात ऐकतो. नोटांनी खेळताना ती बरोबर करत होती आणि वहीत मान घातली की हात जुन्या वाटेने जात होता. त्यांच्या लेखी ही दोन वेगळी कामं होती. हे दोन आठवडे चाललं. मधला पूल सापडला तो चित्राचा: नोटेसाठी उभी रेघ, सुट्यासाठी टिंब. पाच रेघा, तीन टिंबं. एक रेघ खोडायची आणि शेजारी दहा टिंबं काढायची, तीही त्याच कागदावर, जिथे खाली अंकांची मांडणी आहे. रेघ खोडली की त्याच क्षणी खालच्या ५ वर काट मारायची आणि ४ लिहायचा. एक हात चित्रावर, एक हात अंकांवर.

दुसरी गोष्ट अशी केली, की उत्तर बरोबर की चूक हे मी सांगणं बंद केलं. "उत्तरात सत्तावीस मिळवून बघ." ३४ आणि २७ मिळवले की ६१ येतात. ज्याला पहिल्यांदा ६१ आले तो चिडलाच. "त्रेपन्नच होते की माझ्याकडं, एकसष्ट कुठनं आलं?" दुकानात जाऊन पैसे वाढले, हे त्याला अजिबात मान्य नव्हतं. माझ्या लाल पेनाने तीन महिन्यांत जे झालं नाही, ते त्या ६१ ने केलं.

आता १६ वाली. तिचे आई-वडील दिवाळीच्या पुढेमागे ऊसतोडीला जातात, पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, येत नाहीत. ती आजोबांजवळ राहते आणि अभ्यास आजोबा घेतात. मी तिला मोठ्याने बोलत सोडवायला सांगितलं. ती म्हणाली, "तीनातनं सात जात नाहीत, शेजारचा एक घेतला, पाचाचे चार. तेरातनं सात गेले सहा. हातचा एक. दोन आणि एक तीन. चारातनं तीन गेले एक. सोळा."

हातचा? वजाबाकीत हातचा मी शिकवलेला नव्हता. संध्याकाळी आजोबांना गाठलं. ते दारात बसले होते. जुन्या काळचे चौथी शिकलेले. मी उदाहरण सांगितलं तर पाटी न घेता म्हणाले, "तीनातनं सात जात न्हाईत. तेरातनं सात गेलं सा. हातचा आला एक. दोन न् एक तीन. पाचातनं तीन गेलं दोन. सव्वीस. का ओ बाई, चुकलं?"

चुकलं काहीच नव्हतं. आमच्या आधीच्या पिढ्या ही रीत शिकलेल्या आहेत. वरच्या तिनाला दहा सुटे दिले, तेवढाच एक दशक खालच्या दोनाला दिला. दोन्हीकडे दहा वाढले, म्हणून फरक तोच राहिला. दोन भावंडांची वयं दहा-दहा वर्षांनी वाढली तरी अंतर तेवढंच राहतं, तसंच हे. शाळेच्या रीतीत वरचा पाच कमी होतो, आजोबांच्या रीतीत खालचा दोन वाढतो. मुलगी दोन्ही करत होती. शाळेचंही मोडायचं नाही आणि आजोबांचंही. म्हणून दर वेळी दहा कमी.

(आम्ही मुलांना 'शेजाऱ्याकडून उसना घे' असं सांगतो तेव्हा दर वर्षी कुणीतरी विचारतं, परत कधी द्यायचा? आजोबांच्या रीतीत उसना लगेच खाली परत केला जातो. बुडवतो तो आमच्या.)

इथे माझी चूक झाली. दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, आजोबांची रीत सोड, पुस्तकातली कर. ती काही बोलली नाही. पुढचे तीन-चार दिवस तिने पाटी कोरी दाखवली. शेवटी मी माघार घेतली आणि म्हटलं, तुला आवडते ती रीत कर, पण एका उदाहरणात एकच. वर काट मारलीस तर खाली हातचा द्यायचा नाही. खाली दिलास तर वर काट नाही. तिने आजोबांची निवडली. माझ्या सहकाऱ्यांना हे पटलं नाही. चौथीत गेली की गोंधळेल, एक रीत पक्की हवी, असं त्यांचं म्हणणं. पक्की हवी हे मलाही मान्य आहे. ती पुस्तकातलीच हवी, हे नाही.

तर मग रोजच्या दहा मिनिटांचं काय केलं? ती ठेवली. गणितं दहावरून चारावर आणली. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूच्या चिठ्ठ्या कापल्या. सुरुवातीला तीन संख्या कानावर, मुलांनी अंकांत लिहायच्या. त्यातली एखादी मी पन्नास तीन अशीही सांगायची, आणि आठवड्यातून एकदा ऐवत्तमूरुवाल्याने कानडीत सांगायची, ते सगळ्यांना फार आवडतं. मग मागच्या आठवड्यातलं एक उदाहरण, आजची दोन, आणि एक मिळवून तपासायचं. शेवटी एका मुलाने पुढे येऊन कसं केलं ते बोलायचं. ज्यांना २६ आलं होतं, त्या चौघांना उदाहरण द्यायच्या ऐवजी गोष्ट रचायला सांगायची. एकाची गोष्ट अशी: '५३ शेळ्या होत्या. २७ जतच्या बाजारात विकल्या. उरलेल्या मॅडमनी मोजायला लावल्या.'

घड्याळ लावणं बंद केलं. बोटांवर मोजणाऱ्या मुलासमोर सेकंद काटा ठेवला की ते मोजणं सोडून अंदाज मारतं. पाढे म्हणताना वेग हवा, पण तो नंतरचा विषय. आणि पाढ्यांचंही एक आहेच: परिपाठाला सुरात म्हटलेला सातचा पाढा ऐकून खूश होणाऱ्यांनी मधूनच "साती आठे?" विचारून बघावं. बरीच पोरं सात एके सातपासून निघतात.

या चिठ्ठ्यांनी माझा जीव खाल्ला, हेही खरं. रात्री स्वयंपाक झाल्यावर तीन तऱ्हेच्या चिठ्ठ्या लिहायच्या, आणि सकाळी चौथी ताटकळत. तिसऱ्या आठवड्यात मी दोन दिवस सोडून दिलं. मग चौथीतल्या दोघींना सामील करून घेतलं. त्या संख्या सांगतात आणि मी मुलांच्या मागे फिरते. हजेरी दहा मिनिटांनी उशिरा मांडते. एकदा भेटीला आलेल्या साहेबांनी वही उलटसुलट करून विचारलं, "रोज चारच?" मी हो म्हटलं. पुढे काही बोलले नाहीत, चहा घेऊन गेले.

दिवाळीची सुट्टी संपून मुलं परत आली तेव्हा पाचांतल्या तिघांनी मला ३४ दाखवले. मी कपाळाला हात लावला. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ मध्येच, स्वतःवर प्रयोग करून, पाठ केलेलं किती झपाट्याने विसरतं ते मांडून ठेवलं होतं. त्यानेच हेही दाखवलं, की थोड्या अंतराने पुन्हा उजळणी केली तर कमी कष्टात परत येतं. डी.एड.ला आम्ही ते परीक्षेपुरतं लिहिलं होतं. इथे ते तसंच झालं. सप्टेंबरात ज्याला दोन आठवडे लागले, त्याला नोव्हेंबरात चार दिवस लागले. तेव्हापासून जुन्या उदाहरणाची जागा मी कधी रिकामी सोडली नाही. कधी परवाचं, कधी महिन्यापूर्वीचं.

फेब्रुवारीपर्यंत पाचांतले चौघं सरळ झाले. एक अजून शून्यावर घसरतो. ५० वजा २७ दिलं की ३७ लिहितो, आणि मिळवून बघ म्हटलं की हसतो, कारण त्याला तेवढ्यातच कळलेलं असतं. कानडी घरातला मुलगा आता सत्तरीपर्यंत पक्का आहे, ऐंशीपुढे डगमगतो.

फेब्रुवारीतच तीन अंकी वजाबाकी आली. फळा आता वाळला होता, तरी मी उदाहरण तोंडीच सांगितलं. चारशे तीन वजा एकशे सत्त्याऐंशी. मध्ये शून्य असलं की शाळेची रीत लांबते: दशकाकडे मागायला जावं तर तिथे काही नाही, मग शतकाकडे, शतक मोडून दशक, दशक मोडून एकक, काटांवर काटा. मुलं त्यात गुंतली होती. एवढ्यात १६ वालीने पाटी वर केली. २१६. मी बघितलं तर वर एकही काट नाही, खाली फक्त दोन बारीक एक लिहिलेले.

शेजारच्याने तिच्या पाटीत डोकावून बघितलं. "ए, शून्याला काट नाही मारली तू?"

"नाही लागत," ती म्हणाली, आणि पाटी ओल्या फडक्याने पुसून टाकली.